२८ इंचांचा बोळ: डेन्व्हरमधल्या एका खोलीचा अभ्यास

आगीत अडकलेला जवान सापडत नाही म्हणून दगावतो, असं आपण सहसा समजतो. डेन्व्हरच्या प्रकरणात जवान सापडला होता. सहकाऱ्यांचे हात त्याच्या अंगापर्यंत पोचले होते, समोर खिडकी होती, खिडकीबाहेर शिडी होती. तरीही त्याला बाहेर काढायला सुमारे ५५ मिनिटं लागली आणि तो वाचला नाही.

तारीख २८ सप्टेंबर १९९२, रात्रीची वेळ. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं डेन्व्हर शहर, साउथ ब्रॉडवे रस्त्यावरची १६२५ क्रमांकाची दुमजली व्यावसायिक इमारत. डेन्व्हर अग्निशमन दलाचे मार्क लँगवार्ट वरच्या मजल्यावर बाकीच्यांपासून वेगळे पडले आणि सामानाच्या एका छोट्या खोलीत अडकले. सहकारी बाहेरून शिडी लावून खिडकीतून आत शिरले. एकाची हवा संपत आली की तो बाहेर यायचा, दुसरा आत जायचा. त्या रात्री हिंमत किंवा ताकद कमी पडली असं म्हणायला मला कुठेच जागा दिसत नाही. आडवी आली ती खोलीची मापं.

कपाटांमुळे मधे उरलेला बोळ २८ इंच, म्हणजे जेमतेम ७१ सेंटीमीटर रुंद होता. खिडकी २० इंच रुंद, साधारण ५१ सेंटीमीटर. आणि खिडकीची खालची कड जमिनीपासून ४२ इंचांवर, म्हणजे १०७ सेंटीमीटर. हे तीन आकडे आज जगभर बचावाचा सराव घेणाऱ्यांना तोंडपाठ असतात. पण आकडा पाठ असणं वेगळं आणि तो अंगाला कळणं वेगळं. जमिनीवर खडूने २८ इंच अंतरावर दोन समांतर रेघा ओढा आणि त्यांच्यामध्ये उकिडवे बसून पाहा. गुडघे रेघांना टेकतात, कोपरं बाहेर जातात. आता त्या रेघा भिंती आहेत, अंगावर जाड कोट आहे, पाठीवर सिलिंडर आहे आणि पायाशी निपचित पडलेला माणूस आहे असं समजा.

जे अडलं ते शरीराच्या यंत्रणेत अडलं

बेशुद्ध माणूस उचलताना आपण नकळत दोन गोष्टी करतो. एक, दोघं जण दोन बाजूंना उभे राहून वजन वाटून घेतो. दुसरी, पाय फाकवून, पाठ सरळ ठेवून मांड्यांच्या जोरावर उठतो. २८ इंचांच्या बोळात या दोन्ही गोष्टी होत नाहीत. दोन माणसं शेजारी मावतच नाहीत, ती एकामागे एकच राहू शकतात. मग खिडकीजवळच्या माणसाला पुढे वाकून फक्त हातांनी आणि कमरेने ओढावं लागतं. जमिनीवरून कमरेच्याही वर, १०७ सेंटीमीटरपर्यंत, एकट्याने ढिलं पडलेलं शरीर हातांच्या जोरावर नेणं भल्याभल्या ताकदवान माणसालाही जमत नाही. पूर्ण पोशाखातल्या जवानाच्या अंगावर कोट, बूट, हेल्मेट आणि बीए सेट, म्हणजे पाठीवरचं श्वसनयंत्र, मिळून वीस-पंचवीस किलोंचा भार असतो. पाण्याने भिजल्यावर तो आणखी वाढतो.

त्यात ढिलं शरीर सरळ राहत नाही. खांदे उचलले की कंबर मोडून खाली बसते, कंबर उचलायला गेलं की खांदे मागे कलंडतात. बीए सेटचे पट्टे धरून ओढले तर पट्टे वर येतात आणि माणूस त्यांतून खाली सरकतो. पाठीवरचा सिलिंडर खिडकीच्या कडेला अडकतो, हेल्मेट चौकटीला.

खिडकी २० इंचांची असल्यामुळे आणखी एक अडचण होते, आणि मला तीच सर्वांत क्रूर वाटते. आत येणारा जवान स्वतः त्या खिडकीत बुचासारखा बसतो. तो चौकटीत असेपर्यंत प्रकाश अडतो, बाहेरच्यांची नजर अडते आणि अडकलेल्याचा बाहेरचा रस्ताही अडतो. शिडीवर उभा असलेला जवान आत वाकून ओढू शकतो, पण पायाखाली एक पट्टी असताना वरच्या दिशेने जोर लावायला त्याला आधारच नसतो. म्हणजे आतल्याला जागा नाही आणि बाहेरच्याला बूड नाही.

या सगळ्यावर घड्याळ चालू असतं. जोर लावताना श्वास वाढतो आणि सिलिंडरमधली हवा त्यावर लिहिलेल्या मिनिटांपेक्षा कितीतरी आधी संपते. आतला माणूस दमून बाहेर पडतो. नव्याने येणाऱ्याला तीच धडपड शून्यापासून सुरू करावी लागते, कारण आधीच्याने काय करून पाहिलं आणि काय फसलं हे त्याला दिसलेलं नसतं. या प्रकरणातून घ्यायचा हा धडा तंत्राइतकाच मोठा आहे, पण सरावात तो फार क्वचित घेतला जातो. बाहेर पडणाऱ्याने आत जाणाऱ्याच्या कानाशी दोन वाक्यं बोलायची: अडकलेला कसा पडला आहे आणि त्याचं काय कुठे अडतं आहे. एवढंही प्रत्येक फेरीत बोलायची सवय लावली, तरी पुढच्याची पहिली मिनिटं चाचपडण्यात जात नाहीत.

खोली प्लायवूडमध्ये पुन्हा उभी केली तेव्हा

या घटनेनंतर त्या मापांची लाकडी प्रतिकृती करून तिच्यात उचलण्याची पद्धत बसवली गेली. हाच आज डेन्व्हर ड्रिल म्हणून ओळखला जाणारा सराव. दलागणिक त्यात थोडा फरक असतो, पण गाभा असा.

पहिला जवान खिडकीतून डोकं पुढे घालून आत शिरतो आणि अडकलेल्याच्या अंगावरून सरपटत पलीकडे, त्याच्या पायांकडे जातो. अंगावरून जाणं निर्दयपणाचं वाटतं. नवे जवान हमखास इथे अडखळतात, बाजूने जागा शोधत बसतात. पण बाजूला जागा नाही हेच तर प्रकरण आहे. पलीकडे पोचल्यावर तो अडकलेल्याला खिडकीपासून थोडं आत ओढतो. बाहेर काढायच्या माणसाला आत ओढायचं हे मनाला पटत नाही, पण त्याशिवाय दुसऱ्या जवानाला उतरायला जमीनच मिळत नाही.

दुसरा जवान आत येतो आणि खिडकीखालच्या भिंतीला पाठ लावून बसतो, गुडघे वर, तळपाय जमिनीवर घट्ट. अडकलेल्याला उठवून बसवतात आणि त्याची पाठ खिडकीकडे करून दुसऱ्याच्या मांड्या-गुडघ्यांवर चढवतात. आता त्या जवानाचं शरीर म्हणजे उतार झाला. पहिला जवान अडकलेल्याच्या पायांमध्ये शिरतो, त्याचे गुडघे आपल्या खांद्यांवर घेतो, आणि ठरलेल्या हाकेवर दोघं एकदम पायांच्या जोरावर उठतात. खांदे खिडकीच्या कडेवर आले की बाहेर शिडीवरचे जवान ताबा घेतात, आणि अडकलेला डोक्याकडून बाहेर जातो.

पद्धत वाचून सोपी वाटते. तिची खरी करामत एवढीच आहे की जी भिंत अडथळा होती तिचाच आधार केला, आणि हातांचं काम मांड्यांकडे दिलं. दोन माणसं शेजारी मावत नाहीत ना, मग एकाला खाली आणि एकाला समोर ठेवलं. खोलीशी भांडण सोडून तिच्या आकाराप्रमाणे माणसं मांडली.

उचलण्याआधी एक काम करायचं असतं आणि घाईत ते राहून जातं. बीए सेटचा कमरेचा पट्टा सोडून, तो अडकलेल्याच्या दोन्ही पायांमधून घेऊन पुन्हा लावायचा. याने साधा पट्टा झोळीसारखा होतो आणि खांद्याच्या पट्ट्यांना धरून ओढलं तरी माणूस त्यातून निसटत नाही. जाड हातमोज्यांत, अंधारात, दुसऱ्याच्या कमरेचं बक्कल उघडून पुन्हा लावणं हा स्वतंत्र सराव आहे. हे काम हातांना डोळे मिटून येत नसेल, तर पुढचं उचलणं शिकवण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही अनेक सत्रांत पहिल्याच तासाला सगळे खिडकीपाशी जमतात, कारण उचलणं पाहायला थरारक असतं आणि बक्कल लावणं कंटाळवाणं.

हवा आधी, उचलणं नंतर

डेन्व्हरची खोली अभ्यासताना दुसऱ्या एका शहराचे आकडे शेजारी ठेवावे लागतात. १४ मार्च २००१ रोजी ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात एका सुपरमार्केटच्या आगीत ब्रेट टार्व्हर हे जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्यापर्यंत पोचणं आणि त्यांना बाहेर आणणं किती कठीण गेलं हे पाहून फिनिक्सच्या दलाने मोठ्या रिकाम्या इमारतींमध्ये प्रत्यक्ष बचावाचे सुमारे दोनशे सराव घेतले आणि वेळ मोजला. हजारांहून जास्त जवान त्यात उतरले. निष्कर्ष झोप उडवणारे होते. एका जवानाला बाहेर आणायला सरासरी बारा जवान लागले. दर पाच बचावकर्त्यांपैकी एक स्वतःच संकटात सापडला. मदतीची हाक दिल्यापासून बाहेर येईपर्यंत सरासरी जवळपास बावीस मिनिटं गेली, आणि एका सिलिंडरची हवा सरासरी एकोणीस मिनिटांच्या आतच संपली.

शेवटचे दोन आकडे जोडून वाचले की डेन्व्हरचा सराव वेगळाच दिसू लागतो. आत कितीही सफाईने उचललं, तरी अडकलेल्याच्या मास्कमध्ये हवा नसेल तर आपण योग्य पद्धतीने उशिरा पोचणार. म्हणून बचाव पथकासोबत वेगळा सिलिंडर, नळी आणि जोडणी असलेली हवेची पिशवी न्यायची, आणि जवान सापडला की आधी त्याच्या हवेचं पाहायचं. हवा मिळाली की वेळ मिळतो, आणि वेळ मिळाला की डोकं चालतं. लाकडी खोक्यात सराव करताना ही पिशवी बहुतेक वेळा बाहेरच राहते, कारण ती आत घेतली की आधीच अपुरी जागा आणखी कमी होते. नेमकं म्हणूनच ती आत घेऊन सराव व्हायला हवा. पिशवी कुठे ठेवायची, नळी कुणाच्या पायात अडकते, उचलताना ती तुटणार तर नाही ना, हे प्रश्न खऱ्या आगीत पहिल्यांदा पडू नयेत.

सराव नेमका कुठे खोटा होतो

पहिला खोटेपणा डमीचा. हलकी, ताठ डमी खिडकीतून सहज जाते आणि सगळ्यांना आनंद होतो. ढिल्या शरीराचा स्वभाव तिच्यात नसतो. वजनदार, सांध्यांत मोडणारी डमी हवी, आणि तिच्या अंगावर पूर्ण पोशाख आणि बीए सेट हवा. खरा माणूस अडकलेला म्हणून घेतला तर शिकणं जास्त होतं, पण मग मान, पाठ आणि खांदे यांची जबाबदारी येते. खिडकीच्या कडेवर जाड गादी, डोळे उघडे असलेला एक निरीक्षक फक्त त्या माणसाच्या मानेकडे पाहणारा, आणि कुणीही उच्चारला की सगळं जागच्या जागी थांबेल असा एक शब्द. हे तिन्ही नसेल तर खरा माणूस घेऊ नये.

आणि खरा माणूस असेल तिथे खरी आग कधीच नाही. २५ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या लेअर्ड्सव्हिल इथे एका जुन्या घरात असा सराव झाला. अडकलेल्यांची भूमिका करायला माणसं वरच्या मजल्यावर होती आणि खाली आग पेटवली होती. आग खालच्या सोफ्याला लागली आणि आवाक्याबाहेर गेली. दलात नव्याने आलेला एक तरुण, जो बळीची भूमिका करत होता, त्यात मरण पावला. खऱ्या आगीच्या प्रशिक्षणासाठीचं अमेरिकेतलं मानक, एनएफपीए १४०३, अशा सरावात माणसाला बळी म्हणून ठेवायला स्पष्ट मनाई करतं. हे लिहिताना माझा हात जड होतो, कारण तो मुलगा आपल्याच लोकांना वाचवायला शिकवण्याच्या कामात गेला.

दुसरा खोटेपणा क्रमाचा. थेट पूर्ण पोशाखात, डोळे झाकून, आरडाओरड्यात सुरुवात केली तर जवान फक्त गोंधळ शिकतो. आधी साध्या कपड्यांत, उजेडात, सावकाश. प्रत्येक जागा बदलून, पहिला, दुसरा, शिडीवरचा. मग पोशाख. मग बीए सेट. मग मास्कवर झाकण आणि अंधार. आवाज सगळ्यात शेवटी. अडकलेल्याच्या अंगावरचा हालचाल-सूचक अलार्म, जो तो सुमारे अर्धा मिनिट निश्चल राहिला की आपोआप वाजू लागतो, तो बंद खोक्यात वाजत असताना शेजारच्याची हाक ऐकू येत नाही. त्यामुळे उचलण्याची हाक तोंडी असून भागत नाही. खांद्यावर तीन थापा, तिसऱ्या थापेला उठायचं, अशी काहीतरी अंगाची भाषा ठरलेली हवी.

तिसरा खोटेपणा जरा नाजूक आहे, कारण तो या सरावाच्या यशातून आला आहे. अनेक पथकं ते एकच खोकं इतक्या वेळा करतात की ती खोक्यात पटाईत होतात. २८, २० आणि ४२ हे डेन्व्हरमधल्या एका खोलीचे अपघाती आकडे आहेत, निसर्गाचे नियम नव्हेत. पुढची खोली ३६ इंचांची असेल आणि खिडकी छातीइतकी उंच असेल. माझ्या मते खोकं असं बनवावं की भिंत सरकवता येईल आणि खिडकीची कड वरखाली करता येईल, आणि जवानांना आत गेल्याशिवाय मापं कळू देऊ नयेत. मग ते पायऱ्या आठवत बसणार नाहीत. पाठ कुठे टेकवता येईल, कोण खाली बसेल, हे ते स्वतः शोधतील.

याच्याशीच जोडलेला एक प्रश्न उचलण्याच्या नादात मागे पडतो: ही खिडकी खिडकीच राहायला हवी का? खिडकीखालची भिंत बाहेरून कापून किंवा फोडून खाली जमिनीपर्यंत नेली, तर १०७ सेंटीमीटरची चढण नाहीशी होते आणि उचलण्याचं काम ओढण्याचं होतं. प्रत्येक भिंत फुटत नाही, आणि फोडताना आतला माणूस जखमी होऊ शकतो. पण आत दोघं उचलण्याचा प्रयत्न करत असतानाच बाहेर तिसऱ्याने भिंतीकडे पाहायला सुरुवात केलेली असावी. पहिला मार्ग फसल्यावर दुसरा विचारात घ्यायचा, ही सवय वेळ खाते. सरावात कमांडरची भूमिका करणाऱ्याला मी नेमका हाच प्रश्न विचारेन: उचलणं जमलं नाही तर तुमचं दुसरं पथक आत्ता काय करत आहे?

खोलीच्या बाहेरची माणसं

१९८७ च्या जुलै महिन्यात ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात जॉन नान्स हे जवान जमीन खचून तळघरात पडले. वरचे सहकारी त्यांच्याशी बोलू शकत होते, दोर सोडू शकत होते, पण त्या भोकातून त्यांना वर घेऊ शकले नाहीत. त्यावरूनही एक सराव तयार झाला, नान्स ड्रिल. दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवली की एकच गोष्ट वर येते. शोधण्याचं शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या दिलं जात होतं, काढण्याचं नव्हतं. संकटातल्या जवानासाठीच्या बचाव पथकाचं प्रशिक्षण कसं असावं यासाठीचं एनएफपीए १४०७ हे स्वतंत्र मानक तर २०१० मध्ये आलं. डेन्व्हरच्या रात्रीपासून मोजलं तर मधे अठरा वर्षं.

आपला माणूस आत आहे कळल्यावर बाहेरच्यांचे पाय थांबत नाहीत. ३ डिसेंबर १९९९ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहरातल्या शीतगृहाच्या आगीत दोन जवान आत हरवले. त्यांना शोधायला गेलेले आणखी चार जण परतले नाहीत. शेवटी प्रमुखाने दारात उभं राहून बाकीच्यांना आत जायला मनाई केली. हा निर्णय देणं काय असेल याची मला कल्पनाही करवत नाही. पण सरावाच्या आखणीत त्याला जागा हवी. लाकडी खोक्याबाहेर रांगेत उभे असलेले जवान म्हणजे पाळीची वाट पाहणारी मंडळी नव्हेत. कोण आत गेला, किती वाजता, किती हवा घेऊन, याची नोंद एकाने धरायची. बाकीच्यांनी शिडीचा पाय धरणं, दिवा धरणं, भिंत तपासणं अशी नेमून दिलेली कामं करायची, आणि आत धडपड ऐकू येत असूनही जागा सोडायची नाही. ही शिस्त सांगून येत नाही. आतून खऱ्या माणसाचा धापा टाकण्याचा आवाज येत असताना ती एकदा पाळून पाहावी लागते.

आणि प्रत्येकाने एकदा अडकलेल्याच्या जागी झोपायचं. अनुभवी असो की नवा, यात सूट नको. मास्कवर झाकण, दोन्ही कानांत अलार्म, छातीवरून कुणाचा तरी गुडघा सरकत पलीकडे जातो. कमरेचं बक्कल उघडतं, पायांमधून पट्टा ओढला जातो. आपण काहीच करायचं नसतं, हात ढिले सोडायचे असतात, आणि तेच सर्वांत अवघड असतं. मग पाठीला दुसऱ्याचे गुडघे लागतात, त्याचा मास्क आपल्या हेल्मेटला घासतो, खांद्यावर पहिली थाप पडते, दुसरी पडते.

तिसऱ्या थापेला दोघं एकत्र उठले की नाही, हे बाहेर घड्याळ धरून उभ्या असलेल्या प्रशिक्षकाआधी त्या झोपलेल्या माणसाला कळतं. फेरी संपली की पहिलं त्याला विचारावं.